बैल उभा का राहतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मध्ययुगीन गाव वसवण्याच्या गेमबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं या वेळी जनावरांबद्दल आहेत. बैल कमी पडतात, बैल आहेत पण कामच करत नाहीत, दगड खाणीतच पडून राहतो, अशा तक्रारी आहेत. अशा गेममध्ये लढाईपेक्षा ओझ्याच्या जनावरामुळे गाव अडकतं, आणि तिकडे खेळणाऱ्याचं लक्ष फार उशिरा जातं. म्हणून हे पान पूर्णपणे त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : ‘मॅनर लॉर्ड्स’ नुकताच सुरू केला. सुरुवातीला पाच कुटुंबं आणि एक बैल मिळाला. लॉगिंग कॅम्प, पाच घरं, कोठार आणि विहीर असे सगळे आराखडे एकदम टाकले. थंडी आली तरी दोनच घरं उभी आहेत, बाकी ठिकाणी नुसते खांब दिसतात. लगेच दुसरा बैल घ्यावा का? (कळवा)

दुसरा बैल लागणारच आहे, पण तो घेण्याआधी गाडं कुठे अडलंय ते बघा. नाहीतर पैसे जातील आणि घरं तशीच राहतील.

या गेममध्ये बाकीचा माल माणसं हाताने किंवा हातगाडीवर नेतात. ओंडका मात्र बैलच ओढतो, आणि एका खेपेला एकच. त्यामुळे सुरुवातीला गावाचा वेग म्हणजे त्या एका बैलाच्या खेपांचा वेग. तुम्ही एकदम सात-आठ आराखडे टाकलेत, म्हणजे एक ओंडका इथे, एक तिथे असे वाटले गेले. खांब सगळीकडे उभे राहिले आणि पुरं काहीच झालं नाही.

गेम थोडा वेळ नेहमीच्या वेगाने चालू ठेवा आणि तीन जागा बघा. लॉगिंग कॅम्पजवळ तोडलेले ओंडके साठलेत का? साठले असतील तर तोडणारे पुरेसे आहेत आणि ओढणारा कमी पडतोय. कॅम्पजवळ एकही ओंडका नसेल आणि बैल रिकामा उभा असेल, तर तोडणारे कमी आहेत. तिथे आणखी एक कुटुंब लावा, बैल घेऊन उपयोग नाही. तिसरी शक्यता अशी, की बांधकामाच्या जागी ओंडके पोचलेत पण काम हलत नाही. मग बांधणारी माणसं नाहीत. कुठल्याही कामाला न लावलेली कुटुंबंच बांधकाम करतात, हे नवे खेळाडू विसरतात. पाचही कुटुंबं कामाला लावली की बांधायला कोणी उरत नाही.

आता हिशोब. समजा बैलाला खुंट्यापासून जंगलात जाऊन ओंडका घेऊन गावात यायला आणि परत जायला दोन मिनिटं लागतात. एका घराला दोन ओंडके धरले तर पाच घरांना दहा खेपा, म्हणजे वीस मिनिटं. दुसरा बैल घेतला तर दहा मिनिटं. पण गाव जंगलाच्या निम्म्या अंतरावर वसवलं असतं तर एकाच बैलाने तेच काम दहा मिनिटांत झालं असतं, तेही फुकट. अंतरही निम्मं आणि बैलही दोन, तर पाच मिनिटं. मात्र तोडणारे मिनिटाला एकच ओंडका पाडत असतील, तर या जवळच्या मांडणीतही पाच घरांचे दहा ओंडके पडायला दहा मिनिटं लागणारच. एका मिनिटाच्या खेपेत एक बैल तेवढं सहज ओढतो, दुसरा नुसता उभा राहील.

म्हणून नवा डाव सुरू करताना क्रम असा ठेवा. लॉगिंग कॅम्प दाट झाडीच्या कडेला, पण गावाच्या बाजूच्या कडेला. त्याला दोन कुटुंबं. बैलाचा खुंटा, म्हणजे हिचिंग पोस्ट, कॅम्पच्या जवळ, कारण बैलाचा प्रत्येक फेरा झाडांपासूनच सुरू होतो. कॅम्पपासून घरांच्या जागेपर्यंत रस्ता ओढून घ्या. रस्त्याला पैसे लागत नाहीत आणि रस्त्यावरून चाल वेगाने होते. मग आराखडे एका वेळी एक किंवा दोनच टाका. पहिलं पूर्ण झाल्याशिवाय तिसरं नको.

थंडीची काळजी करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. जळणाचं लाकूड फोडणारे लोक स्वतःच झाडं तोडतात, त्यांना बैल लागत नाही. तेव्हा जळण कमी पडलं तर दोष बैलाचा नाही. उलट फळ्या कापायचा सॉपिट सुरू केला की त्यालाही ओंडके लागतात. घरांसाठी आलेले ओंडके तो गिळून टाकतो आणि घरं थांबतात. सॉपिटला सुरुवातीला माणूसच लावू नका. चर्चसारख्या इमारतीसाठी फळ्या लागतील तेव्हा लावा, आणि पुरेशा झाल्या की काढून घ्या.

दुसरा बैल प्रदेशाच्या संपत्तीतून येतो, तुमच्या स्वतःच्या खजिन्यातून नाही. त्याला बांधायला मोकळी जागा असल्याशिवाय तो मागवता येत नाही, म्हणून आधी दुसरा खुंटा किंवा तबेला. गेम २६ एप्रिल २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण तयार होण्याआधीच खेळायला, आला आणि तेव्हापासून आवृत्त्या बदलत आल्या आहेत, म्हणून दर आणि मागवायची जागा नेहमी तुमच्या समोरच्या खिडकीत वाचूनच ठरवा. आमचं मत विचाराल तर घरं उभी राहायला लागली की पहिली खरेदी बैलाचीच. तलवारी-ढाली नंतर.

प्रश्न : माझ्याकडे आता तीन बैल आहेत, तरी दोन कायम खुंट्याला. ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये बिघाड आहे का? (ऐरोली)

बहुतेक वेळा बिघाड नसतो, हाकणारा नसतो. बैल एकटा चालत नाही, त्याच्या पुढे माणूस लागतो. तो माणूस तीन प्रकारे मिळतो. मोकळं कुटुंब असेल तर त्यातलं कोणी बांधकामासाठी बैल नेतं. लॉगिंग कॅम्पचे कामगार तोडलेला ओंडका आणायला बैल घेतात. किंवा तुम्ही खुंट्यालाच एक कुटुंब नेमता आणि मग ते कुटुंब फक्त बैल हाकण्याचंच काम करतं. तीन बैल आणि एकही मोकळं कुटुंब नाही अशी स्थिती असेल, तर तुम्ही बघताय तेच होणार.

खुंट्याला कुटुंब नेमणं लोकांना वाया घालवल्यासारखं वाटतं. आम्हाला तसं वाटत नाही. गाव दहा-बारा कुटुंबांचं झालं, सतत काहीतरी बांधायचं असलं, की एक कायमचा हाकणारा आपली किंमत वसूल करून देतो. मोकळ्या कुटुंबाला पाणी, बाजार अशी इतरही कामं असतात. ते बैलाकडे येईपर्यंत वेळ जातो.

बैल एखाद्या कामाच्या जागी नेमूनही देता येतो: लॉगिंग कॅम्प, सॉपिट, फार्महाउस. नेमलेला बैल त्या जागेपुरताच राहतो, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. एकच बैल असताना तो लॉगिंग कॅम्पला नेमला की ओंडक्यांचा ढीग वाढतो आणि घरं अडतात. दोन असतील तर एक कॅम्पला, एक मोकळा. तीन असतील तर तिसरा शेताला.

हाकणारा आहे, ओंडका आहे, वाट मोकळी आहे, आणि तरीही बैल एका जागी रुतल्यासारखा उभा असेल, तर मग अडकला असं समजा. त्याची नेमणूक काढून पुन्हा द्या. नाही हलला तर त्याचं चालू बांधकाम रद्द करून तिथेच पुन्हा आराखडा टाका. तरी नाही, तर डाव सेव्ह करून बाहेर पडा आणि पुन्हा उघडा. घरं एकमेकांना चिकटवून जागा कोंडली असेल तर हेच परत परत होतं. बैल आणि ओंडका मिळून वळायला जागा लागते, दोन रांगांच्या मध्ये रस्ता सोडाच.

आणखी एक कारण हळूहळू तयार होतं. कॅम्पच्या आसपासची झाडं संपली की तोडणारे लांब लांब जातात आणि फेरी लांबते. गाव मोठं झालं तरी बांधकाम पूर्वीपेक्षा सावकाश, असं वाटायला लागलं की कॅम्पभोवती नजर टाका. नुसते बुंधे दिसले तर जंगलाच्या नव्या कडेला दुसरा कॅम्प घाला, किंवा वनपालाची झोपडी बांधून झाडं पुन्हा लावायला घ्या. कॅम्पला कामाची हद्दही आखून देता येते. हद्द गावाच्या जवळच्या बाजूला ठेवा.

प्रश्न : ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये विकासाचा गुण (डेव्हलपमेंट पॉइंट) खर्च करून हेवी प्लाऊ, म्हणजे जड नांगर, घेतला. आता शेतं नांगरून होत नाहीत आणि शरदात बांधकामही बंद पडतं. गुण वाया गेला का? (वाशी)

वाया गेलेला नाही, पण तो गुण घेतला म्हणजे बैल मिळाला असं होत नाही. हेवी प्लाऊमुळे फक्त फार्महाउसला नांगराचा जोडभाग बांधायची मुभा मिळते. तो जोडभाग बांधायचा, मग त्या फार्महाउसला बैल नेमायचा. ही दुसरी पायरी राहून गेली तर माणसं पूर्वीसारखीच हाताने जमीन उकरत बसतात. आणि तुमच्याकडे बैल दोनच असतील, त्यातला एक शेतात गेला, तर बांधकाम अडणारच. नांगर घ्यायच्या आधीच जास्तीचा बैल घेऊन ठेवायला हवा.

खरी मेख शेताच्या आकारात आहे. चौकोनी, मोठं, एकसंध शेत बहुतेक जण आखतात, कारण नकाशावर ते नेटकं दिसतं. नांगराला ते सोसत नाही. सरळ तास, म्हणजे नांगराची रेघ, घालताना वेळ कमी जातो, वळताना जास्त. शेत अरुंद आणि लांब केलं की वळणं कमी होतात. शेतात पडलेल्या नांगराच्या रेषा नीट दिसतात. त्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने शेत लांब ठेवा.

ही खेळाची युक्ती वाटेल, पण मध्ययुगीन युरोपातली शेतं खरोखर अशाच पट्ट्यांची होती आणि कारणही हेच. जड नांगराला पुढे उभा काप घेणारा सुरा, मग फाळ, आणि माती उलटी पाडणारी फळी असे तीन भाग असत. एवढा जड नांगर बैलांच्या लांबलचक रांगेसह वळवणं म्हणजे कष्टाचं काम. इंग्लंडचा एकर हा मुळात २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टा, म्हणजे साधारण २०१ मीटर बाय २० मीटर. लांबी रुंदीच्या दहापट. आपण आज त्याच एकराचे ४० गुंठे मोजतो.

गेममध्ये शेताचं माप मॉर्गनमध्ये दिसतं. जुन्या जर्मन प्रदेशांत हे माप जागेप्रमाणे बदलायचं, पाव हेक्टरच्या आसपास समजा. दोन-तीन मॉर्गनचं एक शेत आखण्यापेक्षा अर्धा ते एक मॉर्गनची चार शेतं बरी. कारण असं, की मोठं शेत पूर्ण नांगरून झाल्याशिवाय पेरणी पुढे सरकत नाही आणि हिवाळा गाठतो. लहान शेतं एकेक करून पूर्ण होतात. चारातली तीन झाली तर तीन तरी पेरली जातात.

वेळेचं गणितही बघा. पीक सप्टेंबरमध्ये कापणीला येतं. कापणी, धान्य आत आणणं, मळणी, मग नांगरणी, मग पेरणी, हे सगळं त्याच फार्महाउसच्या कुटुंबांच्या माथी. ऑगस्ट संपताना दुसऱ्या कामावरची दोन-तीन कुटुंबं शेतावर आणा आणि पेरणी झाल्यावर परत पाठवा. त्या दोन महिन्यांत नवं बांधकाम काढू नका. फळं-मध गोळा करणारे किंवा फळ्या कापणारे थोडे दिवस थांबले तरी गाव उपाशी मरत नाही. पेरणी चुकली तर मात्र मरतं.

गेममध्ये तीन वर्षांच्या पिकांच्या पाळ्या लावायची सोय आहे, ती वापरा. तीन शेतांपैकी एक दर वर्षी पडीक ठेवा. जमिनीचा कस भरून निघतो आणि बैलाला तीनऐवजी दोनच शेतं नांगरावी लागतात. युरोपातली जुनी तीन-शेती पद्धत हीच होती.

प्रश्न : नातू ‘मॅनर लॉर्ड्स’ खेळतो, मी शेजारी बसून बघतो. आमचं मूळ गाव मुरबाडकडचं. एकटा बैल एवढा ओंडका ओढताना दाखवलाय. आमच्याकडे जोडीशिवाय औत धरत नाहीत. हे खरं आहे की खेळापुरतं? (खारघर)

तुमची शंका रास्त आहे, आणि नातवाला ती तुमच्याकडूनच कळली हे आम्हाला फार आवडलं.

आधी वजन बघू. चार मीटर लांब आणि ४० सेंटिमीटर जाडीचा ओला ओक म्हणजे साधारण अर्धा घनमीटर, वजन ५०० किलोच्या आसपास. सहाशे किलोचा बैल दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे ६० किलोच्या आसपास ओढ सातत्याने देऊ शकतो. क्षणभर त्याहून पुष्कळ जास्त, पण तास न् तास नाही. ओंडका पूर्ण जमिनीवर घासत नेला तर दोनशे किलोच्या वरची ओढ लागते. म्हणून खऱ्या जंगलात ओंडक्याचं एक टोक उचलून चाकांच्या जोडीवर किंवा लाकडी घसरगाडीवर ठेवत, जोडी लावत, उतार शोधत. एकटा बैल लहान ओंडके ओढतो, मोठा ओक नाही. गेममध्ये हे सोपं केलंय, आणि आमच्या मते ते योग्य केलंय. जोडी दाखवली असती तर सुरुवातीलाच दोन बैल द्यावे लागले असते आणि एका बैलाने येणारी सगळी ओढाताण गेली असती.

नांगराला तर युरोपात जोडीही पुरत नसे. इंग्लंडमध्ये १०८६ साली जमिनीची जी मोठी मोजदाद झाली, तिच्यात एका नांगराला आठ बैल असा हिशोब धरलेला आहे. प्रत्यक्षात चार-सहा बैलांवरही काम चाले, पण माप आठाचं.

जूही वेगळं होतं. आपल्या बैलाला वशिंड असतं, जू त्याच्या पुढे मानेवर बसतं आणि मागे सरकत नाही. युरोपच्या बैलाला वशिंड नाही. तिथे जू कुठे मानेवर खालून वाकवलेल्या लाकडी कमानीने अडकवत, तर कुठे थेट शिंगांना आणि कपाळाला पट्ट्यांनी बांधत. शिंगाला बांधलेल्या जुवात बैल डोक्याने रेटतो. नातवाला पडद्यावर बैल जवळून बघायला सांगा आणि त्याला फरक समजावून द्या.

ओंडक्यांचं म्हणाल तर तुमच्याच भागाचा दाखला सगळ्यात जवळचा आहे. ठाणे, नाशिक, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या डोंगराळ पट्ट्यातली आणि गुजरातच्या डांगमधली डांगी जात याच कामासाठी नावाजलेली आहे. खूर काळे आणि कठीण, कातडीला तेलकटपणा असल्याने धो धो पाऊस अंगावरून निथळून जातो. चाल सावकाश, पण जंगलातून लाकूड ओढण्यात आणि घाटातल्या गाडीत दमदार.

घोड्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय. घोडा जास्त वेगाने चालतो, आणि खांद्यावर बसणारा गादीचा पट्टा युरोपात रूढ झाल्यावर जड कामालाही उपयोगी पडला. पण त्याला ओट लागतात, आणि ओट पिकवायला जमीन लागते. बैल गवत, पेंढा, भुसकटावर निभावतो आणि म्हातारा झाला की मांस-कातडं देतो. म्हणून जड मातीच्या आणि गरीब गावांत बैल कित्येक शतकं टिकले. नालाच्या बाबतीत मात्र बैल खर्चिक: खूर दुभंगलेला, म्हणून चार पायांना आठ पत्र्या.

प्रश्न : मी नववीत आहे. ‘स्ट्राँगहोल्ड क्रुसेडर’मध्ये दगडाच्या तीन खाणी आहेत पण दगड वाढतच नाही. तटबंदी कशी बांधू? (नेरूळ)

खाणी कमी कर किंवा बैल वाढव. तुझ्या पत्रात तीन खाणी आहेत, बैलांचा उल्लेखच नाही, म्हणून तिथेच शंका येते.

खाणीला २० लाकूड आणि तीन माणसं लागतात. पण खाणीतली माणसं दगड फक्त फोडतात आणि खाणीपाशी रचतात. तिथून साठ्यापर्यंत न्यायला बैल लागतो. बैलाच्या ठाण्याला ५ लाकूड आणि एक माणूस. बैल एका खेपेला ८ दगड नेतो. खाणीपाशी दगडांचा ढीग दिसतोय का बघ. ढीग वाढत असेल तर बैल कमी आहेत. ढीग पार भरला की फोडणारेही थांबतात, मग तीन खाणी असून नसून सारख्या. ढीग नसेल आणि बैल ताटकळत असतील, तर खाण वाढव.

साठा जवळ असेल तर एका खाणीला एक बैल, मध्यम अंतर असेल तर दोन, लांब असेल तर तीन, या अंदाजाने सुरू कर आणि ढीग बघून बदल. ठाणं खाणीला खेटून बांध.

सगळ्यात महत्त्वाचं डावाच्या पहिल्या मिनिटात ठरतं. साठ्याची नवी जागा जुन्या साठ्याला चिकटूनच वाढवता येते, खाणीजवळ वेगळा साठा टाकता येत नाही. म्हणून पहिला साठा ठेवतानाच तो किल्ला आणि खाणीचा खडक यांच्या मधे, शक्य तितका खडकाच्या बाजूला ठेव. एकदा चुकीच्या कोपऱ्यात ठेवला की पूर्ण डावभर प्रत्येक बैल तेवढं अंतर तुडवत राहतो.

आता माणसांचं. एका खाणीत तीन माणसं, तिच्या तीन बैलांना आणखी तीन, अशी सहा माणसं एका खाणीपाठी गेली. किल्ल्यासमोरच्या शेकोटीजवळ रिकामी माणसं नसतील तर नवं ठाणं बांधूनही बैल हलणार नाही. घरं वाढव आणि लोकप्रियता ५० च्या वर राहील असं बघ, नाहीतर माणसं येणारच नाहीत.

शत्रू जवळ आला की दरवाजा आपोआप बंद होतो आणि बाहेर गेलेले बैल बाहेरच राहतात. हल्ल्याच्या वेळी दगड थांबण्याचं हे नेहमीचं कारण. जमलं तर खाण तटाच्या आत घे. नसेल जमत तर खाणीच्या वाटेवर बुरूज आणि चार धनुर्धारी आधी ठेव, आणि तट एकदम भोवतीने न बांधता शत्रू येतो त्या बाजूपासून सुरू कर.

कातडी चिलखतांबद्दलही विचारलं आहेस. चामडं कमवणारा गोठ्यातून अख्खी गाय घेऊन जातो, म्हणून चीज कमी होतं. चिलखतं हवी असतील तर त्यासाठी वेगळा गोठा बांध, जेवणाच्या हिशोबात तो धरू नकोस. आणि सरदारांसाठी घोडे हवेत, तर एका तबेल्यात चारच घोडे राहतात, म्हणजे एका तबेल्यामागे चार सरदार.

प्रश्न : जुना ‘सेटलर्स २’ पुन्हा खेळतोय. गाढवं कधी मिळतात? (नौपाडा)

हा १९९६ चा गेम रोमन काळातला आहे, पण वाहतुकीचा विचार त्याच्याइतका बारकाईने क्वचितच कुणी केलाय. गाढव मागावं लागत नाही. रस्त्यावर सतत वर्दळ राहिली की त्या तुकड्याला दुसरा वाहक म्हणून कोठारातलं गाढव आपणहून येतं, अर्थात कोठारात असेल तर. संपली असतील तर गाढवांचा पैदासखाना बांधा. त्याला धान्य आणि पाणी लागतं, आणि तेच धान्य गिरणी, डुकरं आणि बिअरलाही लागतं, म्हणून आधी एक जास्तीचं शेत.

पण गाढवांच्या आधी झेंडे वाढवा. एका झेंड्यापाशी जास्तीत जास्त आठ वस्तू थांबू शकतात, आणि वाहक एका वेळी एकच वस्तू नेतो. दोन झेंड्यांमधला रस्ता लांब असेल तर गाढव येऊनही तुंबतं. शक्य तिथे प्रत्येक जागी झेंडा रोवा, तुकडे लहान होतात, माणसं जास्त लागतात, माल पळतो. कोठाराच्या तोंडाशी एकाच रस्त्याने सगळं येत असेल तर दुसरी वाट काढा. तिथे किती गाढवं आली तरी कोंडी सुटत नाही.

प्रश्न : सगळीकडे अंतर कमी करा म्हणता. मग ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये लांबच्या बाजाराशी व्यापार करा असं का सांगतात? (कोपरखैरणे)

कारण तिथे अंतराचेच पैसे मिळतात. व्यापारी गाडीला १०० लाकूड आणि ५० सोनं लागतं, आणि दोन बाजार जितके दूर तितकं एका खेपेचं सोनं जास्त. म्हणून मित्राच्या पलीकडच्या कोपऱ्यातला बाजार चांगला, फक्त वाट भिंतींच्या आतून जायला हवी. एखादी गाडी शत्रूने फोडली तर बऱ्याच खेपांची कमाई गेली. त्यात गाड्यांचा वेग वाढवणारी सुधारणा लवकर घ्या.

गाव वसवण्याच्या गेममध्ये असं बक्षीस नसतं. ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये तुमच्याच दोन प्रदेशांत मालाची अदलाबदल करणारं पॅक स्टेशन असतं. तिथे लांबच्या वाटेचे जास्त पैसे मिळत नाहीत, मालाच्या बदल्यात तेवढ्याच किमतीचा माल येतो. तेव्हा ते स्टेशन गावाच्या मधोमध नको, दुसऱ्या प्रदेशाच्या सीमेकडच्या रस्त्यावर बांधा आणि ज्या कोठारातून माल निघतो ते त्याच्या शेजारी ठेवा.